मुठीचे तांदूळ

नाताळाला आठवडा राहिला असताना मी पुलगावच्या बाजारातून पायलीभर तांदूळ आणले आणि बायको विहिरीवर गेली आहे असं बघून पलंगाखालच्या मडक्यात ओतले. ओतून थांबलो असतो तरी काही निभावलं असतं. पण वरचे नवे तांदूळ वेगळे दिसतील, तिला कळेल, म्हणून मी कोपरापर्यंत हात घालून ते चांगले ढवळले. मग मडकं होतं तसं सरकवून, हात झटकून, मोठा पराक्रम केल्यासारखा ओसरीवर बिडी ओढत बसलो.

यातली थट्टा अशी की, भेसळ पकडणं हीच माझी नोकरी होती. मी कापसाच्या जिनिंगात कारकून. हंगामात गाड्या आल्या की कापसात खोल हात खुपसायचा, आतला कापूस बाहेर ओढायचा आणि वरच्याशी ताडून बघायचा. "काऊन हो पाटील, खाली मागल्या सालचा दडवला का?" असं दिवसभर लोकांवर ओरडायचं. तो माणूस घरी येऊन हे करून बसला.

आता ते मडकं कशाचं ते सांगतो.

आम्ही ख्रिस्ती. पुलगावात आमची घरं थोडीच, पण आमच्या बायकांची एक रीत पक्की होती. सैंपाकाला धान्य काढलं की त्यातली एक मूठ देवासाठी बाजूला ठेवायची आणि रविवारी देवळात, म्हणजे चर्चमध्ये, न्यायची. माझ्या बायकोने त्या रीतीला एक शेपूट जोडलं. देवाची मूठ काढून झाली की दुसरी मूठ नाताळाची. पावसाळ्यात जिनिंग बंद, माझा पगार अर्ध्यावर यायचा. हंगाम सुरू होऊन पुरा पगार हातात पडतो न पडतो तोच नाताळ दारात. एकदम सगळं आणायची ऐपत नव्हती. म्हणून आखाडातच ती मडकं धुऊन उन्हात वाळवी, तळाशी कडुनिंबाचा पाला घाली आणि तिचा नाताळ सुरू होई. आमच्यात भाकरी रोजची; भात संध्याकाळी, तोही दोन-दोन घास. त्या घासांतूनच ही मूठ निघायची.

देवाची मूठ ती स्वतःच्या हाताने काढी. नाताळाची मात्र मुलीच्या हाताने. आमची मुलगी सात वर्षांची होती, तिच्या पाठचा मुलगा अजून कडेवरचा.

"तिच्या हातानं काऊन?" मी एकदा विचारलं होतं.

"देवाले मोठी मूठ पायजे," बायको म्हणाली. "अन् दुसरीही मोठी काढली, तर जेवताना तुमीच बोंबलाल."

मुलगी फार बेरकी. मूठ भरताना बोटं फाकवून घ्यायची, म्हणजे जास्त दाणे मावतील. आई ओरडायची, "मूठ म्हणजे मूठ वं, ओंजळ नाई!" पण खरा खेळ पुढे होता. मूठ मडक्यात टाकताना ती सांगायची, ही कोणाची. नाताळाला आमच्याकडे कोण कोण जेवणार हे ती आखाडापासून ठरवत होती. आजची मूठ पोस्टमनची. आजची नाचणगावहून दूध घालायला येणाऱ्या बुढीची. आजची जिनिंगच्या चौकीदाराची. पाळकसाहेबांची मूठ टाकताना तिने जरा हात आखडला.

"एवढीशी काऊन?" आईने विचारलं.

"ते प्रार्थना लय लंबी करतात. भात थंडा होते."

माझी मूठ कधी टाकणार म्हटलं, तर म्हणाली, "बाबा, तुमची एका मुठीत नाई होत. तुमची रविवारी टाकू, सावकाश."

मडक्याची राखणही तिच्याकडेच होती. तांदळाला सोंडे लागतात, ते बारीक काळे किडे. ते लागू नयेत म्हणून दर काही दिवसांनी तांदूळ उपसून तळाचा वाळलेला पाला काढायचा आणि ताजा घालायचा. ती दारातल्या निंबाखाली उडी मारून हाताला येतील त्या डहाळ्या ओरबाडायची. सोंडा दिसला की बोटाने उडवून म्हणायची, "तुले कोणं बलावलं?"

दसऱ्याच्या आधी तिला ताप आला. मुदतीचा ताप निघाला. दवाखान्याचा कंपाउंडर एक दिवसाआड बाटली घेऊन घरी यायचा. औषध कडू जहर. ती दात आवळून बसायची, तो नाक धरून पाजायचा. तो गेला की ती भिंतीकडे तोंड करून म्हणे, "त्याले आपल्या नाताळात बलावायचं नाई."

तापातही सैंपाकाची वेळ तिला बरोबर कळायची. एका संध्याकाळी तिने पातेलं पलंगापाशी आणायला लावलं. मूठ नीट मिटत नव्हती. आईने खालून तिच्या हाताला आपला हात लावला, मी मडकं पलंगाच्या कडेला धरलं.

"कोणाची वं ही?" आईने विचारलं.

तिने बोटं हळूच उघडून तांदूळ सोडले. मग म्हणाली, "कंपाउंडरची." आणि थोड्या वेळाने, "पण त्याले गोड देजो नको, माय."

त्यानंतर मडक्यात मूठ पडली नाही. दसऱ्याला ती नव्हती.

दिवाळीत शेजारच्या काकू फराळाचं ताट घेऊन आल्या. दरसाल यायच्या. त्या वर्षी ताट ठेवून हळूच म्हणाल्या, "बाई, ज्या घरात असं झालं त्या घरानं वरीसभर सण नाई करू. आमच्यात तर कढईच नाई चढवत." त्यांनी मायेनेच सांगितलं. आमच्या देवळात तसा काही नियम नव्हता, पण बायकोने मान हलवली. ते ताट फळीवर उभं राहिलं. रिकामं ताट परत करायचं नाही ही रीत दोन्ही घरांची. काकू आमच्याकडचं शिजवलेलं खात नसत. नाताळाला त्यांच्या ताटात कोरडा शिधा जाई, तांदूळ, गूळ, नारळ. त्या वर्षी ताट तिथेच राहिलं आणि येता-जाता माझी नजर त्याच्याकडेच जायची.

शेवटी मी विषय काढला. "यंदा नाताळाचं कसं करायचं?"

बायको भाकरी थापत होती. वर न बघता म्हणाली, "मडकं अर्धंच हाय. पुरते का कोणाले?"

कारकुनाला तूट दाखवली की तो ती भरायला निघतो. मला उलट हलकं वाटलं. एवढंच अडलंय होय? हंगाम सुरू झाला होता, पुरा पगार आला होता. बाजारात आण्यांच्या जागी नवे पैसे नुकतेच आले होते. दुकानदाराने आणे आणि पैसे यांच्यात मला थोडं बुडवलं, तरी मी खुशीत पायलीभर तांदूळ घेऊन आलो. ती नाही म्हणत होती हे मला ऐकूच आलं नव्हतं.

पुढचं तुम्हाला सांगितलंच आहे.

त्या संध्याकाळी चूल पेटवायच्या आधी तिने पलंगाखालून मडकं ओढलं. ती ते रोजच हळूच ओढायची, बघायची आणि परत सरकवायची. मला वाटायचं, उंदीर बघत असेल. त्या दिवशी ती बघतच राहिली.

"हे कोणं केलं?"

"मी," मी म्हणालो. माझा आवाज शाबासकी मागणारा होता, हे मला अजून आठवतं. "आता पुरते ना सगळ्यांले?"

ती रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. मडक्याच्या काठावर हात ठेवून म्हणाली, "वर तिची मूठ होती ना हो. तशीच होती. ढीग."

तेव्हा मला कळलं. कंपाउंडरची ती शेवटची मूठ पडली तशी तांदळावर एवढासा उंचवटा करून राहिली होती. बायकोने तो मोडू नये म्हणून मडक्याला धक्का लागू दिला नव्हता, पालासुद्धा बदलला नव्हता. रोज संध्याकाळी ती तो ढीग बघत होती. मी त्यात कोपरापर्यंत हात घातला होता.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. देवळातून आल्यावर तिने मडकं उन्हात नेलं, थोडे तांदूळ सुपात घेतले आणि निवडायला बसली. मी समोर बसलो. बोलायचं धाडस नव्हतं, पण कामाची सवय गप्प बसू देईना.

"जाडे, लालसर ते आपले," मी म्हणालो. "हे बारीक पांढरे कालचे."

ती एकेक दाणा वेगळा करू लागली. मीही करू लागलो. काही वेळ ते जमलं. मग जमेना. आखाडापासूनचे तांदूळ काही एका दुकानाचे नव्हते. कधी जाडे, कधी बारीक, पैसे असतील तसे आणलेले. आपले म्हणून ठेवलेल्या ढिगात पांढरे होते, कालच्या ढिगात लालसर निघाले. आणि दाण्यांमधून सोंडे चालत होते. बरेच झाले होते. बायको एकेकाला बोटाने उडवत होती. एकदा तिचे ओठ हलले. काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, पण मला कळलं.

ऊन ओसरीवरून उतरलं तेव्हा ती थांबली.

"त्या कंपाउंडरची मूठ कोणती, आता समजते का?"

"नाई समजत," मी म्हणालो.

तिने दोन्ही ढीग सुपात एक केले, पाखडले, सोंडे उडवून टाकले. मग सूप मांडीवर घेऊन म्हणाली, "उद्या दवाखान्यात जाऊन त्याले सांगून येजा. नाताळाचं जेवाले ये म्हणा. अन् पोस्टमनले. अन् त्या बुढीले मी सांगीन."

नाताळाला सगळे आले. चौकीदार नातवाला घेऊन आला. पाळकसाहेबांनी प्रार्थना इतकी आटोपती केली की भाताची वाफ जायच्या आत आमेन झालं. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं. काकूंचं ताट शिधा भरून त्यांच्या घरी गेलं. थोड्या वेळाने त्या स्वतः आल्या आणि दाराशी उभ्या राहिल्या, जेवणं होईपर्यंत हलल्या नाहीत.

कंपाउंडर सगळ्यांत शेवटी आला, धुतलेला सदरा घालून. कुठे बसावं हे त्याला कळत नव्हतं. मला बाजूला घेऊन म्हणाला, "मले वाटलं, तुमच्या घरी माहं तोंड पाहायची इच्छा नसन कोणाची." मी त्याला पाटावर बसवलं. तो मान खाली घालून जेवला.

शेवयांची खीर घेऊन बायको पंगतीत निघाली. त्याच्यापाशी आली आणि पळी हातात तशीच धरून थांबली. मी तिच्याकडे बघत होतो. ती किंचित हसली, कितीतरी दिवसांनी, आणि त्याला न वाढता पुढे गेली.

"वाढा ना, बाई," तो म्हणाला. "मले गोडाची मनाई नाई."

पंगतीतले हसले. ती मागे फिरली आणि त्याच्या वाटीत दोन पळ्या खीर घातली. मग आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. पुढचं मी वाढलं, आणि निम्मं सांडलं.

सगळे गेल्यावर ती विहिरीपाशी मडकं धुवायला बसली. मी पाणी ओढून देत होतो. आठवडाभर तोंडाशी आलेलं तेव्हा बोललो. म्हटलं, "ते तांदूळ मी ओताले नाई पायजे होते."

ती राखेने मडकं आतून घासत राहिली. मग ते पालथं ठेवून म्हणाली, "वेगळे राह्यले असते ना, तर म्या ते कधीच शिजवले नसते. पाहतच बसली असती. सोंड्यानं खाल्ले असते सारे."