खाचेतला कापूस

त्या मुलीला मी लगेच होकार कळवला, तिथेच सगळं चुकलं. आधी कॅसेट वाजवून बघायला हवी होती. पण जिच्या जिवावर मी तीस वर्षं मिशीला पीळ देत आलो, ती वाजवून काय बघायची?

मी आर्णीत मोटर वायंडिंगचं दुकान चालवतो. विहिरीवरची जळालेली मोटर खोलायची, काळी पडलेली तार काढायची, तांब्याची नवी तार भरायची. दुकानामागच्या खोलीत दोनशेच्या वर कॅसेट आहेत आणि एकीवरही लोक ज्याला गाणं म्हणतात तसं गाणं नाही. सगळी हेवी मेटलच्या कार्यक्रमांची जुनी रेकॉर्डिंग आहेत. तीही स्टेजवरच्या यंत्रातून घेतलेली नाहीत, गर्दीत उभ्या असलेल्या कुणीतरी पिशवीत, खिशात रेकॉर्डर लपवून घेतलेली. गिटार ऐकू येते, तसा शेजारच्याचा खोकलाही ऐकू येतो. मला तो खोकलाच आवडतो. कुठल्या तरी परक्या शहरातला, कधीचा तरी तो माणूस, आणि तो माझ्या कानाशी खोकतोय. गिऱ्हाइकांना यातलं काही सांगून उपयोग नसतो. ते बाकावर बसून आतला आवाज ऐकतात आणि विचारतात, "भाऊ, आत कोनती मोटर लावली? बेरिंग गेलं वाट्टे तिचं."

आम्हा जमवणाऱ्यांचे काही नियम आहेत आणि ते आम्ही सोवळ्यासारखे पाळतो. कॅसेट विकायची नाही, अदलाबदल करायची. आपल्याकडची प्रत मूळ आहे की नकलेची नकल, ते खरं लिहायचं. मधलं काही कापायचं नाही, मग शिव्या असोत की कुणी पाणी मागत असो. आणि रेकॉर्डिंग झाल्याबरोबर, त्याच दिवशी, कॅसेटच्या पाठीवरच्या दोन चिमुकल्या पट्ट्या मोडून टाकायच्या. तिथे खाचा पडतात आणि मग टेपरेकॉर्डरचं लाल बटण दबतच नाही, म्हणजे कुणी वरून दुसरं काही भरू शकत नाही. यात माझ्या पदरचा एक नियम असा की मूळ कॅसेट वाजवायची नाही, कारण दर वेळी ती थोडी झिजते.

माझ्याकडची मूळ कॅसेट एकच होती. मी नागपूरला पॉलिटेक्निकला असताना तिथल्या चार पोरांचा एक बँड होता. त्यांची कॅसेट कधी निघाली नाही, वर्षभरात ते पांगलेही. एका कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये ते वाजवत होते आणि मी पहिल्या रांगेत, मित्राचा छोटा रेकॉर्डर दुपट्ट्यात गुंडाळून पोटाशी धरून उभा होतो. रेकॉर्डिंग भरलं, पट्ट्या मोडल्या, आठवडाभर ऐकलं आणि ठेवून दिलं. पुढे इंटरनेट आलं तेव्हा कळलं की त्या बँडचा आवाज जगात फक्त माझ्या डब्यात आहे. इंटरनेटवर टाकलेल्या माझ्या कॅसेटच्या यादीत मी सगळ्यात वर लिहिलं: "मूळ कॅसेट, स्वतः भरलेली, दर्जा उत्तम, देणे नाही." लोकांनी मागितली. मी दिली नाही. नाही म्हणण्यात एक मजा असते, ती मी पोटभर घेतली.

त्या मुलीचा निरोप हिवाळ्यात आला. त्या बँडमध्ये ड्रम वाजवायचे ते तिचे वडील. मागच्या वर्षी वारले. लग्नानंतर त्यांनी ड्रम देऊन टाकले आणि नोकरी धरली. तिने त्यांना वाजवताना कधी पाहिलं नाही, ऐकलं तर मुळीच नाही. "काका," तिने लिहिलं होतं, "तुमची यादी पाहिली. देणे नाही असं लिहिलंय, तरी विचारते. एकच गाणं दिलंत तरी चालेल."

माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. आपण तीस वर्षं जपलं ते हिच्यासाठी, असंही वाटून गेलं. मी लिहिलं, "एक कशाला बेटा, सगळं देतो. रविवारी."

रविवारी दुपारी जेवण करून, हात धुऊन, कोरडे पुसून मी डबा उघडला. लेबल माझ्याच अक्षरातलं होतं. कॅसेट उलटी केली आणि पाठीवर पाहिलं, तर दोन्ही खाचांमध्ये कापूस होता. घट्ट दाबलेला, पिवळा पडलेला कापूस.

आमच्याकडे भोक दिसलं की त्यात कापूस जातो. वेचणी झाली की घराच्या खोलीत छताला टेकेल एवढा ढीग असतो, हात घातला की बोळा तयार. ठणकणाऱ्या कानात कापूस, बाटलीच्या तोंडात कापूस, खिडकीच्या फटीत कापूस. आणि मोडलेल्या पट्टीच्या खाचेत कापूस कोंबला की टेपरेकॉर्डर फसतो, लाल बटण दबतं, हे त्या काळी आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मी कॅसेट घेऊन तसाच आईवर धावून गेलो.

आई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत होती. ती आमच्या विहाराच्या महिला मंडळात गायची. जयंतीच्या कार्यक्रमात पहिलं गाणं तिचंच असायचं. आता ऐंशीला आली, बोलताना आवाज खरखरतो. तिच्याशिवाय कोण असणार?

"माय, माह्या कॅसेटमंदी कापूस कोंबला तू? कायले हात लावला माह्या सामानाले?"

तिने मान वर केली. "मले त तो टेप चालू कराले बी येत नव्हता."

"मंग कोनं केलं?"

"तूच."

"काहीबी सांगून राह्यली!"

"अरे बापा, तूच घातलता. जयंतीच्या आदल्या रोजी. मी म्हटलं, मले माहा आवाज एक डाव आयकाचा आहे, कसा लागते त. कोरी कॅसेट नोती घरात. तू ही काहाडली. मी म्हटलं, राहू दे, हिच्यात तुह्यं नागपूरचं काही असन. तू म्हने, तो गोंधळ का, तो कवाबी भेटन पुन्हा. अन् घरातला कापूस घेतला, काडीनं दाबला."

मी तिला खोटारडी म्हणालो. आईला. या वयात. ती रागावली नाही, शेंगा सोलत राहिली. "वाजवून पाह्य ना," एवढंच म्हणाली.

मी वाजवून पाहिलं. आधी थोडी खरखर, मग एका पोराचा आवाज, हसरा, घाईतला: "हं, म्हन आता माय. लाल दिवा लागला."

तो आवाज माझा होता.

मला काही म्हणजे काही आठवत नाही. त्या कॅसेटवर त्या मुलांचा घाम होता, माझा जीव होता, आणि मी ती काडीने बुजवून मोकळा झालो. वर हसत होतो. मी आयुष्यभर दुसऱ्यांना हसलो, ज्यांच्या घरच्यांनी कॅसेटवर लग्नाची गाणी भरली, बारशाची गडबड भरली. एकाला तर मी लिहिलं होतं की तुझी जमवायची लायकी नाही. राग तर मनस्वी आला, आणि तो काढायला समोर माणूस कोण, तर मीच.

टेपवर आई गात होती. मागे चार बायका, एक ढोलकी. आवाज स्वच्छ, उंच, कुठे अडकत नव्हता. असा आवाज तिला होता हेही मी विसरलो होतो. ती दारात येऊन उभी राहिली.

"मी व्हय ते?"

"हो."

"बरं लागते," ती म्हणाली आणि उंबऱ्यावर टेकून ऐकत राहिली. मला मात्र त्या आवाजाखाली पुरलेलं दुसरंच काही शोधायचं होतं. मी एक बाजू पूर्ण ऐकली, दुसरी लावली. दुसरीवरही आईच, बायकाच, ढोलकीच. शेवटी शेवटी बायका हसल्या, कुणीतरी "झालं का?" विचारलं आणि बटण बंद झाल्याचा खट्ट आवाज आला.

आणि त्याच्या पलीकडे नागपूर होतं. शिट्ट्या, माझ्या शेजारच्याचा खोकला, माईकची किंचाळी. मी सावरून बसलो. ड्रमवाल्याने काठीवर काठी मारून ताल मोजला. टक, टक, टक, टक. आणि कॅसेट संपली. गाणं सुरू व्हायच्या आत. आता आठवलं, त्या दिवशीही ती तिथेच संपली होती आणि मी चडफडलो होतो.

पुढचे तीन दिवस मी त्या मुलीला काही कळवलं नाही. दुकानात बसून एकाच मोटरीची तार भरत होतो आणि वेढे चुकत होते. कॅसेट सापडत नाही असं कळवावं, हे मनात दहा वेळा आलं. बुरशी लागली म्हणावं, हेही आलं. शेवटी आईच म्हणाली, "पोरीनं वाट पाह्यत बसावं का?"

मग आमचा नियम पाळला, काही कापलं नाही. माझं "म्हन आता माय" पासून शेवटच्या चार ठोक्यांपर्यंत दोन्ही बाजू जशाच्या तशा पाठवल्या. सोबत खरं ते लिहिलं: कापूस मी घातला, यादीतला "उत्तम" हा शब्द न ऐकता लिहिला, आणि तुझे वडील अगदी शेवटी आहेत, चार ठोके एवढेच.

दोन दिवसांनी तिचं उत्तर आलं. आईची गाणी तिने पूर्ण ऐकली होती, छान आहेत असं सांगा म्हणाली. खाली लिहिलं होतं:

"काका, ते चार ठोके मला पाठ आहेत. बाबा रोज जेवायला बसताना ताटाच्या कडेवर बोटाने तेवढेच मारायचे आणि थांबायचे. मला त्याच्या पुढचं ऐकायचं होतं."