पलीकडे न जाणारे दोन डबे

माझं काम ऐकून लोक हसतात. बसते काचीगुड्याला, घरीच तिसऱ्या मजल्यावर, आणि मालगाडीचे डबे चढवते खाडीत! दूर एका आडबाजूच्या बंदरात खाडीवर पूल नाही, म्हणून डबे बार्जवर, म्हणजे सपाट मालवाहू बोटीवर, घालून पलीकडे न्यावे लागतात. बार्जवर रूळ टाकलेत आणि काठापासून तिच्यापर्यंत एक हलता लोखंडी उतार आहे. कोणता डबा आधी, कोणता नंतर, ती यादी रोज सकाळी मी पाठवते. क्रम चुकला की बार्ज कलते. त्यामुळे ती सुटल्याचा निरोप येईपर्यंत माझा पाय एका जागी ठरत नाही.

अप्पा, माझे वडील, जन्मभर यार्डात शंटिंग, म्हणजे डब्यांची जोडाजोड, करून रिटायर झालेले. माझ्या स्क्रीनमध्ये डोकवायची त्यांना भारी खोड. "तुमचं यार्ड वेगळं अप्पा, हे वेगळं," असं किती वेळा खेकसले असेन!

त्या आठवड्यात यादीतले दोन रिकामे डबे मला खुपायला लागले. रोज बार्जच्या तोंडापर्यंत जायचे आणि परत यायचे, पलीकडे कधीच नाही. नुसत्या फुकटच्या येरझारा. एका सकाळी मी त्यांनाही बार्जवर घालून पलीकडे धाडलं आणि स्वतःवर जाम खूश झाले.

दुसऱ्या दिवशी यादी पाठवून पोहे खायला बसले, तर अप्पांनी स्क्रीनमध्ये डोकावून विचारलं, "ते रिकामे कुठं गेले गं?"

"पाठवले पलीकडे. बेकार फिरत होते."

त्यांनी कप खाली ठेवला. "अगं माय! इंजिन केवढं जड, ते उतारावर नेत नसतात. काठावर थांबूनच ढकलायचं, म्हणून इंजिन आणि भरल्या डब्यांच्या मध्ये दोन रिकामे जोडतात. काल ते रिकामे माणसांनी ढकलून चढवले असतील, आज भरल्यांमागं काय जोडणार? लाव फोन, लाव!"

तिकडच्या इंजिनचा ड्रायव्हर मूळचा इथल्याच, आपल्या अंबरपेठचा. कधी भेटलो नाही, फोनवरच ओळख. चारदा लावला, उचलेना. मी गॅलरीतून स्वयंपाकघरात, तिथून परत गॅलरीत. खाली स्टेशनातला भोंगा एरवी ऐकूही येत नाही, त्या दिवशी प्रत्येक भोंग्याला दचकत होते. पाचव्यांदा त्यानं उचलला.

"बोलो मॅडम, इंजिन उतार पे लेरा हूँ..."

"मागे घ्या! पीछे लो, पीछे!"

फोन चालूच राहिला. लोखंड करकरलं, कुणीतरी ओरडलं, मग काहीच नाही. मी देवाचं नावसुद्धा विसरले. शेवटी त्याचा आवाज आला, "आ गया मॅडम, काठावर. पुढची चाकंच चढली होती. उतार दबरा था."

मी स्क्रीनसमोरच्या खुर्चीत येऊन बसले. आणि लाज लपवायला मी चक्क त्याच्यावरच चिडले. "इतकी वर्षं इंजिन चालवता, तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक था ना मॅडम," तो सरळ म्हणाला. "पर कागद तुमचा होता. मैं समझा, मॅडम सोचके ही लिखे होंगे."

माफी मागायला तोंड उघडलं, तर तोच म्हणाला, "अब दुसरा कागद भेजो मॅडम. तुम्ही लिहाल तसंच करतो."

मी खुर्चीवरून उठले आणि अप्पांना म्हटलं, "इथं बसा."