शेजारी ठेवलेल्या दोन टिकल्या

डॉ. रेहाना अत्तार यांची आणि माझी पहिली भेट नाशिकच्या रुग्णालयातील त्यांच्या प्रयोगशाळेत, माझ्या मुलाखतीच्या वेळी झाली. माझी प्रमाणपत्रे त्यांनी बाजूला ठेवली, जंतू वाढवलेली काचेची ताटली पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "काय दिसतंय ते सांगा. काय वाटतंय ते नको."

मॅडमना आज पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्या कामाविषयी एकच प्रसंग सांगते.

दिंडोरीच्या सुमनबाईंच्या बोटाला द्राक्षछाटणीत कात्री लागली आणि जखम चिघळली. बाहेरच्या प्रयोगशाळेने क्लिंडामायसिन हे प्रतिजैविक लागू पडेल, असा अहवाल दिला होता. आधी उतार पडला, मग सूज मनगटापर्यंत चढली. त्या आमच्या रुग्णालयात आल्या, तेव्हा बोट कापण्याची भाषा सुरू झाली होती.

मॅडमनी जखमेतला पू पुन्हा मागवला. त्यातले जंतू पसरलेल्या ताटलीवर औषधांच्या कागदी टिकल्या ठेवताना एरिथ्रोमायसिनची टिकली मुद्दाम क्लिंडामायसिनच्या शेजारी ठेवायला लावली. लांब ठेवली असती, तर क्लिंडामायसिनभोवती जंतूंविना स्वच्छ, पूर्ण गोल दिसला असता, म्हणजे औषध लागू पडते असेच वाटले असते. दुसऱ्या दिवशी पाहिले, तर तो एरिथ्रोमायसिनच्या बाजूने चपटा झाला होता; तिथे जंतू वाढले होते.

सुमनबाईंचे सर्जन फोनवर म्हणाले, "मॅडम, डोस वाढवतो."

असे निकाल मॅडम फोनवर देत नसत. "खाली या. ताटली स्वतः बघा."

ते कुरकुरत आले. "शाळेत बोलावल्यासारखं वाटतं. अंगठे धरू का?"

"आधी हात धुवा."

मग मॅडमनी समजावले. जंतूची प्रथिने रायबोसोम नावाच्या कारखान्यात तयार होतात. औषध तिथे बसून काम बंद पाडते. या जंतूकडचे एन्झाइम, म्हणजे विकर, नेमक्या त्याच जागेवर मिथाइल गट नावाचा छोटा रासायनिक तुकडा चिकटवते. मग औषधाला बसायला जागाच उरत नाही.

"एरिथ्रोमायसिन जवळ आलं की हे एन्झाइम जागं होतं. थोड्या जंतूंत ते कायमचंच जागं असतं. तुम्ही बाकीचे मारताय आणि तेवढे वाढवताय. डोस वाढवून काय होणार?"

औषध बदलले. बोट वाचले.

पुढच्या हंगामात सुमनबाई द्राक्षे घेऊन आल्या. "बाई, हात लय बेस हाय. कात्री चालती."

मॅडमनी बोट वाकवून पाहिले. "गोळ्या मध्येच सोडल्या नाहीत ना?"

"नाय ओ! तुमच्या धाकानं शेवटची बी खाल्ली."

द्राक्षे आम्हा सर्वांना मिळाली. मात्र प्रयोगशाळेच्या दाराबाहेर उभे राहून खावी लागली.

मॅडम निवृत्त झाल्या, तरी त्या दोन टिकल्या आमच्याकडे आजही शेजारीच ठेवतात, अंतर पट्टीने मोजून. मॅडम, तुम्हाला उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. औषधाची गरज तुम्हाला पडूच नये. पडलीच, तर तुमची ताटली आम्ही नीट बघू, आणि डॉक्टरांना खाली बोलावू.