गाद्यांचं भाडं बोल्टांनी भरलं

गोदामातले हमाल त्याला 'फूटपट्टी' म्हणत. बावीस वर्षं त्याचं काम एकच: एका ट्रकमध्ये तिघाचौघांचा माल चढला की ट्रकचं भाडं त्यांच्यात वाटून द्यायचं. वाटणी किलोवर, हा शेठचा नियम.

त्या सकाळी वीस फुटी ट्रक गच्च भरला. सोळा फूट शेठच्या मेहुण्याच्या फोमच्या गाद्या, वजन जेमतेम चारशे किलो. दोन फूट कागदाचे गठ्ठे, तेही चारशे. उरलेल्या दोन फुटांत बोल्टवालीच्या पेट्या, बाराशे किलो. भाडं बारा हजार. म्हणजे गाद्यांना दोन हजार चारशे, कागदाला तेवढेच आणि बोल्टांना सात हजार दोनशे.

बोल्टवाली समोरच उभी होती. "भाऊ, या वेळीही सात हजार लावलेत तर कारखाना बंद करते. चार बायका कामाला आहेत. त्यांना तुम्हीच येऊन सांगा."

फूटपट्टीची कानशिलं तापली. तिचा माल इथून जायला लागल्यापासून सहा वर्षं हे आकडे त्यानेच सुवाच्य अक्षरात लिहिले होते. तो तडक शेठच्या केबिनमध्ये घुसला.

"शेठ, ट्रक गाद्यांनी भरलाय, बोल्टांनी नाही. भाडं जागेवर लावा."

"तुला पगार हिशेबाचा देतो की वकिलीचा?" शेठने मान वर केली नाही. "किलो म्हणजे किलो. परवडत नसेल तर उतरव तिच्या पेट्या."

"उतरवतो!" दार असं आपटलं की काच थरथरली.

पेट्या उतरल्या. ट्रक दोन फूट रिकामा गेला, भाडं मात्र पुरतं बारा हजार. फूटपट्टीने नियमाला धरून वाटणी केली: चारशे किलो इकडे, चारशे तिकडे. दोघांना सहा-सहा हजार. बिलं त्याने स्वतः नेऊन दिली.

दुपारी कागदवाला काउंटरवर मुठी आपटत होता आणि फोनवर मेहुणा शेठचा उद्धार करत होता.

"काय करून ठेवलंस हे?" शेठ ओरडला.

"किलो म्हणजे किलो. इतकी वर्षं यांचं भाडं ती बाई भरत होती. आज नाही भरलं."

शेठ लालबुंद झाला. "उद्यापासून माझा माल दुसरीकडे," कागदवाला बाहेरून ओरडला; तोही गेला तर पुरते बारा हजार एकट्या मेहुण्यावर पडणार होते. फोन पुन्हा वाजला. "बोलव तिला. लाव फुटांवर."

"लेखी द्या."

शेठने इतक्या रागाने सही केली की कागद फाटला.

बोल्टवाली अंगणात आपल्या पेट्यांवर बसून दुसरा ट्रक शोधत होती. तिने कागद दोनदा वाचला.

"म्हणजे संध्याकाळच्या ट्रकला दोन फुटांचे बाराशे रुपये?"

"बाराशे."

"मग सहा वर्षं काय चाललं होतं? तुम्हाला दिसत नव्हतं?"

"दिसत होतं."

"आणि राग आज आला होय?"

ती उठली आणि हमालांच्या मोजणीवर विसंबून न राहता एकेक पेटी स्वतः मोजून चढवून घेऊ लागली.