अर्धा कप

यवतच्या स्टँडसमोर माझं चहाचं हॉटेल. दर सोमवारी पुण्याची एसटी येईपर्यंत एक सर कोपऱ्यातल्या बाकावर बसत. शेजारी कुणी टेकलं की कागद पुढं करून म्हणत, "हात न टेकवता एक जिलेबी काढा." ट्रक ड्रायव्हर, शेतकरी आबा, सगळ्यांनी पेनानं वेटोळी काढून दिली. आम्ही त्यांना जिलेबी सरच म्हणायचो.

"काय करता ह्याचं?" एकदा मी विचारलं.

"कॉम्प्युटरला शिकवतोय. कंपवात, म्हणजे हात थरथरायचा आजार, डोळ्यांना दिसायच्या आधी त्याला ओळखता यायला पाहिजे. मग नवं औषध वेळेत देऊन बघता येईल."

बोलताना त्यांची नजर आपल्या तोंडाकडं नसायची, बोटांकडं असायची. मी नकळत हात फडक्याखाली घ्यायचो.

एका सोमवारी मीच कागद सरकवला. "सर, आज तुमची जिलेबी."

ते हसले आणि काढली. इतकी सुबक, की आमच्या आचाऱ्याला कढईत पाडता आली नसती. घडी करून त्यांनी ती पिशवीत टाकली.

पुढच्या खेपेला म्हणाले, "कप अर्धाच भरत जा."

"का वो सर?"

"माझी जिलेबी कॉम्प्युटरनं कंपवाताची म्हणून बाजूला काढली. आत्तापासून सवय केलेली बरी."

मी त्यांच्या हाताकडं बघितलं. दगडासारखा स्थिर होता.

पुढं कितीतरी सोमवार ते अर्धाच कप पीत राहिले. कधी थेंब सांडला नाही. तरी प्रत्येक घोटानंतर ते वाकून बशीत बघत.