तेवढं त्यांना सांगू नका

सर जाऊन वर्षसुद्धा झालं नाही, पण किस्से मात्र वाढतच चाललेत! मंचरच्या आमच्या हॉस्पिटलात दुपारचा चहा आला, की कुणीतरी "सर एकदा काय म्हणाले..." असं सुरू करतं आणि चहा गार होतो. जास्त किस्से माझ्याकडेच. मी शबाना, जुन्नरची. सरांच्या पेशंटचे ईसीजी मीच काढायचे.

जुन्नर-आंबेगावात हृदयाचे डॉक्टर म्हणून बसणारे सर पहिले. त्याआधी छातीत कळ आली की जीप करून पुणं गाठायचं, आणि कित्येक जण खेडच्या घाटातच संपायचे. सरांचा नियम एकच: आजार आधी पेशंटला सांगायचा. आमच्याकडची रीत नेमकी उलटी! नातेवाईक दारातच हात धरायचे, "डॉक्टर, तेवढं त्यांना सांगू नका."

*

हा नियम त्यांना बोरी बुद्रुकच्या एका माणसाने शिकवला. सर तेव्हा नवीन होते. मुलं पाया पडली, म्हणून ते पेशंटला म्हणाले, "पित्त आहे, विश्रांती घ्या."

गडी खूश! त्याच आठवड्यात कांद्याच्या गोण्या टेंपोत चढवायला लागला. बायको अडवायला गेली, तर म्हणतो कसा, "अगं, पित्तच हाय. डॉक्टर म्हनलाय!"

गोणी पाठीवर असतानाच गेला.

सर दहाव्याला गेले. ती बाई रडली नाही. एवढंच म्हणाली, "त्यांना म्हाईत असतं तर घरी बसलं असतं ओ." सर त्या दिवशी जेवले नाहीत.

*

तेव्हापासून सर तोंडावर बोलायला लागले. अवसरी बुद्रुकच्या आबांना म्हणाले, "हृदय थकलंय तुमचं. मीठ बंद!"

"मीठ बंद म्हंजी जेवानच बंद की राव!"

"जेवण चालू ठेवायचं असेल, तरच मीठ बंद."

आबांनी पाळलं, पण राग धरला. दर तपासणीला आले की आधी सरांना शिव्या घालायचे. सर मला म्हणायचे, "शिव्या देतोय ना? म्हणजे औषध लागू पडतंय!"

*

आहुप्याला शिबिर होतं. एक आजी वायरी बघूनच उठली. "आमच्या देवराईतली काटकीबी कुनी मोडत न्हाई, अन् तुमी माझ्या काळजाला करंट लावताय व्हय?"

सरांनी शर्ट काढला आणि स्वतःच खाटेवर आडवे झाले. "शबाना, माझा काढ. आजींना बघू दे."

मी काढला. मग आजीही तयार झाली. तिची ईसीजीची पट्टी अगदी छान आली. सर म्हणाले, "आजी, तुझं काळीज माझ्यापेक्षा चांगलं आहे!" सगळे हसले. मी हसले नाही, कारण सरांची पट्टी मी बघितली होती. त्यांनी ती घडी करून खिशात टाकली.

परतताना जीपमध्ये मी धीर करून म्हटलं, "सर, आधी पेशंटला सांगायचं ना?"

"पेशंटला कळलंय."

"आणि घरी मॅडमना?"

सरांनी शर्टाचा खिसा चाचपला. मग म्हणाले, "हिला तेवढं सांगू नकोस."



*

काही दिवसांनी सर ऑपरेशनसाठी पुण्याला निघाले. घरी सांगितलं, कॉन्फरन्स आहे! सोबत मी. सर गाडीत बसले होते. मॅडमनी माझ्या हातात डबा दिला आणि हात सोडलाच नाही.

"शर्ट धुवायला टाकताना खिशात पट्टी सापडली गं. इतकी वर्षं संसार केलाय, तेवढं मलाही वाचता येतं." त्यांनी डोळे पुसले. "पण मला कळलंय, हे त्यांना सांगू नकोस."

घाट उतरल्यावर सरांनी डबा उघडला. वांग्याच्या भाजीचा एक घास खाल्ला आणि थांबले.

"हल्ली ही मीठ घालायलाच विसरते," म्हणाले, आणि डबा चाटूनपुसून संपवला.