मंगळवारचा अकराचा तास

विद्यापीठाची अभ्यासक्रम-पुस्तिका सव्वीस वर्षे तिच्या हाताखालून गेली. पुस्तिकेत तिचे नाव मात्र कुठेही सापडत नाही. सगळे तिला वेळापत्रकताई म्हणत. तिच्या टेबलामागच्या भिंतभर फळ्यावर प्रत्येक विषयाची पुठ्ठ्याची चिठ्ठी टाचणीने लावलेली असे. एका खोलीत दोन वर्ग नकोत आणि एका शिक्षकाचे दोन तास एका वेळी नकोत, एवढे दोनच नियम लेखी होते. तिसरा तिच्या डोक्यात होता: मंगळवारी अकराला संख्याशास्त्र ठेवायचे नाही.

त्या वेळी तळमजल्यावरच्या शेवटच्या खोलीत स्वाहिलीचा वर्ग भरे आणि त्यातली मुले बहुतेक संख्याशास्त्राचीच असत. पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिली बोलणाऱ्या मुलखात घरोघर पाहणी करण्याचे काम त्यांना पुढे मिळे. भाषा येणाऱ्याचा नंबर आधी लागे. दरवर्षी आठ-नऊ जण नाव नोंदवत. पाचांहून कमी आले तर वर्ग बंद. स्वाहिलीचे सर एकोणीस वर्षे तासिका तत्त्वावरच होते, जेवढे तास तेवढेच पैसे. वर्ग बंद म्हणजे त्यांची चूलही बंद.

पुस्तिका छापायला जाण्यापूर्वी कच्ची प्रत तपासायला सर स्वतः येत. "ताई, आमचं पिल्लू कुठं बसवलंत?" असे विचारत फळ्यावर आपली चिठ्ठी शोधत. यंदा त्यांची बायको रुग्णालयात होती. "तुम्ही तिथंच थांबा, सर. मी आहे ना," असे तिने फोनवर सांगितले.

त्याच आठवड्यात मोठ्या सभागृहाचे छत गळू लागले आणि बेचाळीस चिठ्ठ्या हलवाव्या लागल्या. खोल्या जुळल्या, शिक्षक जुळले. तिने प्रत छापायला धाडली.

नोंदणी संपायला चार दिवस असताना तिला यादीत स्वाहिलीसमोर तीनचा आकडा दिसला. तिने मान वळवून फळा पाहिला. मंगळवार, अकरा: संख्याशास्त्र, सक्तीचा तास. हलवलेल्या बेचाळिसांतलीच ती एक चिठ्ठी.

ती तडक संख्याशास्त्राच्या विभागप्रमुखांकडे गेली. "तास हलवतो की, पण वरून कागद आणा," ते म्हणाले. तिने शुद्धिपत्रक टाइप केले. निवृत्तीला पाच महिने उरलेले असताना स्वतःची चूक स्वतःच्याच हाताने लिहून देणे तिला जड गेले, तरी ती उपकुलसचिवांपुढे जाऊन उभी राहिली.

साहेब कागद वाचून हसले. "चूक कसली, ताई? आमची एक बैठक वाचवलीत तुम्ही. दोन वर्षं तो वर्ग बंद करायला निमित्त शोधतोय. आता आकडाच बोलतोय."

"आकडा खोटं बोलतोय, साहेब. मीच त्याला बोलायला लावलंय."

"तीन म्हणजे तीन. मोजून बघा." त्यांनी कागदावर सही केली नाही आणि तो परतही दिला नाही, खण उघडून आत टाकला. "बंदचा आदेश तयार ठेवा. शनिवारी काढू."

शनिवारी सर आले. दाढी वाढलेली, हातात औषधांची पिशवी.

"ताई, मी शिकवण्यात कुठं कमी पडलो का हो? तीनच?"

"तुमचं काही चुकलं नाही, सर. दोन्ही तास मीच एकावर एक ठेवले."

सरांनी फळ्यावर मंगळवारच्या रकान्यात आपली चिठ्ठी शोधली. "चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती हीच," ते म्हणाले आणि लगेच ओशाळले. "तुम्हाला चोर नाही म्हणत, ताई. घरी बायको विचारेल, कुणी केलं? तुमचं नाव घेतलं तर ती मला वेड्यात काढेल. म्हणेल, ताई तर आपल्या घरच्या." मग हळूच म्हणाले, "हे लेखी देता येईल?"

"दिलंय. साहेबांच्या खणात आहे."

"म्हणजे पुरलंच म्हणा की!"

ते गेल्यावर तिने आदेश टाइप केला. कारणाच्या रकान्यात काय लिहायचे ते साहेबांनी सांगून ठेवले होते: 'विद्यार्थ्यांच्या निरुत्साहामुळे'. टाइप करताना तिचे एक अक्षरही चुकले नाही. खाली 'तयार करणार' या जागी तिने आपली आद्याक्षरे घातली.

शुद्धिपत्रकाची एक प्रत तिच्याजवळ उरली होती. तिने ती आदेशामागे लावून फाइल बांधली. वर्षअखेरीस फाइलींतले बिनसहीचे कागद काढून फाडायचे, असा दफ्तराचा नियम होता. यंदा ते फाडायला ती असणार नव्हती. पण सव्वीस वर्षे हे काम तिनेच केले होते, आणि तिच्या जागेवर येणाऱ्या मुलीला सोमवारपासून तेच शिकवायचे होते.